चौकोन भरायला घेतला, पतंग झाला: कॅनव्हासवरचं छोटं भरतकाम का बिघडतं

भरलेला तुकडा टेबलावर ठेवला की दोन कोपरे उचलतात. हाताने ओढून सरळ केला, तरी सोडला की पुन्हा तिरका. भरलेल्या भागातून कॅनव्हासचे पांढरे धागे डोकावतात, केसात कोंडा दिसावा तसे. नक्षी डावीकडून मोजत आलात तर उजव्या काठाला अर्धाच चौकडा उरतो. पर्सला अडकवलेल्या की-चेनचे टाके पंधरा दिवसांत उपसून लोंबायला लागतात. आणि हौसेने मासा काढावा तर बघणारा विचारतो, "भेंडी काय ही?"

यातलं एखादं जरी तुमच्या तुकड्यात दिसत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत, घरी फॉल-पिको, ब्लाऊज आणि जमेल ते शिवणकाम करते. त्याबरोबर कॅनव्हासवर, म्हणजे चौकोनी भोकांच्या कडक जाळीच्या कापडावर, भरलेले छोटे तुकडे फिनिशिंगला येतात: कोस्टर, की-चेन, पिन-कुशन, डबीचं झाकण, रुखवतात मांडायच्या चौकटी. हल्ली याला सगळे निडलपॉइंट म्हणतात. पूर्वी आमच्याकडे 'जाळीवरचं लोकरीचं काम' म्हणायचे. फिनिशिंगला म्हणून येतात खरे, पण निम्मे तुकडे दुरुस्तीचेच असतात, आणि बिघाड दरवेळी तोच. परवा शेजारची मुलगी दारातूनच म्हणाली, "काकू, बघा की ओ हे. चौकोन भराय घेतला, पतंग झाला." खरंच पतंग झाला होता. चार इंचाचा कोस्टर, गुलाबी रंग, हात अगदी नेटका. चूक तिच्या हातात नव्हतीच, तिने निवडलेल्या टाक्यात होती.

मॅटीवर, म्हणजे क्रॉस-स्टिचच्या कापडावर, काम केलेल्या बायकांची इथे हमखास फसगत होते, म्हणून फरक आधी सांगते. मॅटीवर फुलाच्या आजूबाजूचं कापड मोकळं ठेवलं तरी चालतं, ते दिसायलाच हवं असतं. निडलपॉइंटमध्ये कॅनव्हास दिसायचा नसतो, सगळी घरं भरायची असतात. म्हणजे एकेक टाका कॅनव्हासला थोडा थोडा ओढतो आणि ती सगळी ओढ साठत जाते. मोठ्या उशीच्या खोळीत थोडा तिरकेपणा खपून जातो. दोन इंचाच्या की-चेनमध्ये दोन धाग्यांची चूकही लांबून दिसते.

आता तपासण्या. फुकटातल्या आधी.

पट्टी घ्या आणि कर्ण मोजा

डोळ्यावर विश्वास ठेवू नका. एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत मोजा, मग दुसरी जोडी मोजा. दोन्ही आकडे सारखे हवेत. दहा सेंटिमीटरच्या चौकोनाचा कर्ण १४.१ सेंटिमीटर भरतो. एक १३.६ आणि दुसरा १४.६ आला तर तुकडा तिरका झालाय, मग तुम्हाला तो कितीही सरळ वाटो.

हे पहिलं का, तर पुढचं सगळं या फरकावर ठरतं. एवढ्या मापाच्या तुकड्यात अर्ध्या सेंटिमीटरच्या आतला फरक ओला करून ताणला की जातो, असा माझा अनुभव आहे. एक सेंटिमीटरच्या वर गेला की ताणून तात्पुरता सरळ होतो, आणि आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट आला की हवेतल्या दमटपणाने पुन्हा मूळपदावर. तिथे टाकाच बदलावा लागतो.

तुकडा पालथा करा

सुलट्या बाजूने सगळे तिरपे टाके सारखेच दिसतात. खरी गोष्ट उलट्या बाजूला कळते. साधा तिरपा टाका, म्हणजे ज्याला टेंट टाका म्हणतात तो, तीन पद्धतींनी घालता येतो.

मागे आखूड उभ्या काड्या दिसल्या तर तो अर्धा क्रॉस. दोरा सगळ्यात कमी लागतो म्हणून लोकांना आवडतो. पण एकेरी विणीच्या साध्या कॅनव्हासवर तो दोन धाग्यांच्या फटीत घसरतो आणि पुढची बाजू विरळ दिसते. प्लास्टिकच्या जाळीवर किंवा ज्या कॅनव्हासचे धागे एकमेकांत अडकवलेले असतात त्यावर तो चालतो.

मागे लांब तिरके टाके दिसले तर कॉन्टिनेंटल. झाकतो छान. पण पुढचा टाका तिरका, मागचाही तिरका, आणि दोन्हींची ओढ एकाच बाजूला. त्या मुलीचा कोस्टर उलटा केला तेव्हा हेच दिसलं. काठापासून काठापर्यंत सगळ्या ओळी कॉन्टिनेंटल.

मागे चटईसारखी वीण दिसली तर ती बास्केटवीव्ह. एक ओळ मागे उभे टाके टाकते, दुसरी आडवे, आणि ते एकमेकांची ओढ मारून टाकतात. तुकडा सरळ राहतो. दोरा कॉन्टिनेंटलइतकाच लागतो, त्यामुळे काटकसर आड येत नाही. फक्त ओळी कर्णाच्या दिशेने घालायच्या असतात, त्याला सुरुवातीला हात अडखळतो.

माझा नियम असा: एकेरी रेघ, अक्षर, बारीक बाह्यरेषा कॉन्टिनेंटलने. एका बोटाच्या पेराएवढी जागा भरायची झाली की बास्केटवीव्ह.

सुई आणि दोरा

पांढरं डोकावत असेल तर उसवायच्या आधी हे बघा. थोडक्या पैशांतलं काम आहे.

सुई बोथट टोकाचीच हवी. टोकदार सुई कॅनव्हासचा धागा आणि आधी घातलेला टाका दोन्ही चिरते. सुईचा आकडा वाढला की सुई बारीक होते, हे पुष्कळांना उलटं वाटतं. इंचाला १८ घरांच्या कॅनव्हासला २२ नंबर, १३-१४ घरांना २० नंबर, १०-१२ घरांना १८ नंबर. सुई भोकात सहज उतरावी आणि नाक जाताना किंचित घासावं. ढकलावी लागली तर ती भोकं रुंद करते आहे.

दोऱ्याचं म्हणाल तर मॅटीची सवय इथे आड येते. सहापदरी दोऱ्याचे दोन पदर काढून भरायची सवय असते ना, तेच इथे केलं की कॅनव्हास दिसणारच. १८ घरांवर तिरप्या टाक्याला मी चार पदर घेते, १४ घरांवर सहाही. उभ्या टाक्यांना त्याच कॅनव्हासवर एखाद-दोन पदर जास्त लागतात, कारण तिरपा टाका धाग्यांच्या चौकावर आडवा पडून त्याला झाकतो आणि उभा टाका दोन धाग्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो. हे कारण कळलं की पदर पाठ करायची गरज उरत नाही.

दोरा लडीतून काढून तसाच सुईत ओवू नका. सगळे पदर एकेक करून सुटे करा, मग पुन्हा एकत्र घ्या. पीळ जातो, पदर शेजारी शेजारी पसरतात आणि तेवढ्याच दोऱ्यात जास्त झाकलं जातं. दोरा एक हात लांब, म्हणजे बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, साधारण १८ इंच. जास्त लांब घेतला की शेवटच्या वितीपर्यंत घासून पिंजतो. आणि मधूनमधून सुई सोडून खाली लोंबू द्या, ती गरगर फिरून पीळ आपोआप काढते.

गडद रंग भरताना पांढरा कॅनव्हास जास्तच टोचतो. नवं काम असेल तर त्या भागाला आधी त्याच रंगाचा पातळ ॲक्रिलिक हात द्या, पूर्ण वाळू द्या, मग भरा.

ताण

हातात धरून भरता की चौकटीवर? हातात धरून एका दमात सुई आत-बाहेर काढली की टाका जास्त ओढला जातो. चौकटीवर ताणलं की सुई एकदा वर, एकदा खाली अशी दोन हालचालींत न्यावी लागते आणि ओढ आपोआप कमी होते. त्यासाठी विकतची चौकट नको. मोडक्या फोटोफ्रेमची लाकडी चौकट आणि ड्रॉइंग पिना पुरतात. कॅनव्हास चारही बाजूंना दोन इंच जास्त ठेवून कापा, नाहीतर पिना कुठे टोचणार? काठांना कागदी टेप लावा, धागे सुटत नाहीत आणि दोरा अडकत नाही. गोल रिंग कॅनव्हासला लावू नका. त्याची खळ मोडते आणि पडलेला वळ जात नाही.

सुई वर काढताना रिकाम्या भोकातून काढा आणि खाली नेताना भरलेल्या भोकात न्या. उलटं केलं की शेजारच्या टाक्याचे तंतू सुईबरोबर वर येतात आणि काम पिंजलेलं दिसतं.

खरी गोम: टाका वस्तूला शोभतो का

इथवरचं सगळं बरोबर असूनही तुकडा बिघडला तर निवडच चुकलीय. आणि छोट्या कामात निवडीलाच सगळी किंमत आहे.

टाक्याची लांबी वस्तू किती घासली जाते त्यावर ठरवा. चौकटीत जाऊन भिंतीवर बसणाऱ्या तुकड्याला सहा-आठ धाग्यांचे लांब टाके शोभतात, झळाळतातही. कोस्टर, पर्स, की-चेन यांच्यावर चार धाग्यांपेक्षा लांब टाका मी घेत नाही. एका ताईंनी स्कूटरच्या किल्लीला मिलानीज टाक्याची रेशमी की-चेन केली होती. तिरप्या त्रिकोणांची नक्षी, दिसायला राणीसारखी. बांगडीत, ओढणीत, पर्सच्या चेनमध्ये अडकून महिन्याभरात तिची झिपरी झाली. त्याच रंगात ब्रिक टाका घालून दिला. दोन धाग्यांचे उभे टाके, शेजारची ओळ एका धाग्याने खाली, भिंतीतल्या विटांसारखी. तशी साधीच, पण टिकली.

दुसरं, टाका कुणीकडे झुकतो ते बघा. स्कॉच, बायझंटाईन, मिलानीज हे सगळे एकाच बाजूला झुकणारे आणि लांब, म्हणजे तिरकेपणाचे कारखाने. उभे गोबेलिन, ब्रिक, हंगेरियन, बार्जेलोच्या लाटा, हे सरळ उभे, त्यामुळे तुकडा तिरका होत नाही. क्रॉस, स्मर्ना क्रॉस, ऱ्होड्स हे दोन्ही बाजूंनी ओढतात म्हणून तेही सरळ राहतात, शिवाय उठावदार दिसतात. कोस्टरवर मात्र ऱ्होड्स नको, त्याच्या टेंगळावर कप डुगडुगतो.

स्कॉचचा मोह होतोच. तीन धाग्यांचा छोटा चौकडा, त्यात पाच टाके, एक-दोन-तीन-दोन-एक अशा लांबीचे. पटापट भरतो आणि दिसतोही शंकरपाळ्यांचं ताट मांडल्यासारखा. मग तो घालायचाच तर एक चौकडा उजवीकडे झुकता, शेजारचा डावीकडे झुकता असा घाला. रस्सीखेच होते, कुणीच जिंकत नाही, तुकडा जागेवर राहतो. शिवाय उजेड दोन बाजूंनी वेगळा पडल्याने एकाच रंगात दोन छटा दिसतात. ही युक्ती मला फार आवडते, दुसरा रंग विकत न घेता नक्षी तयार होते.

मधोमध तिरपा टाका आणि पार्श्वभूमीला उभा टाका असं मिश्रण करायचं असेल तर पार्श्वभूमीला जास्त पदर घ्यायला विसरू नका. वर कारण सांगितलंय.

नक्षी बसत नाही तेव्हा

आधी पाढे. दोन इंचाची की-चेन १८ घरांच्या कॅनव्हासवर म्हणजे ३६ धागे. छत्तीसला दोन, तीन, चार, सहा, नऊ, बारा सगळ्यांनी भाग जातो. उदार आकडा आहे. तीच की-चेन १४ घरांवर केली तर २८ धागे, आणि तीनचा चौकडा नऊ वेळा बसून एक धागा उरतो. तोच तो उजव्या काठाचा अर्धा चौकडा! चार इंची कोस्टर १८ घरांवर ७२, १४ घरांवर ५६, प्लास्टिकच्या सात घरांच्या जाळीवर २८. टाक्याच्या रुंदीने भाग जातो का हे कागदावर बघायला मिनिट लागतं. उसवायला मोठी दुपार जाते.

नक्षीला मधला ठसा असेल तर चौकडे विषम हवेत. ३६ मध्ये तीनचे बारा बसतात, म्हणजे मध्यभागी चौकडा न येता शिवण येते. ३९ धागे घ्या, तेरा बसतील, सातवा बरोबर मधोमध. माप थोडं वाढतं, ते वाढू द्या.

आणखी एक बारीक गोष्ट, यात मी स्वतः दोनदा फसलेय. तिरपा टाका धाग्यांच्या चौकावर बसतो, म्हणून त्यात धागे मोजायचे. उभा टाका भोकांच्या ओळीत बसतो, म्हणून त्यात भोकं मोजायची. ३६ धाग्यांना भोकं ३७. बार्जेलोची लाट बारा भोकांनी परत येत असेल तर शिखरं १, १३, २५ आणि ३७ या भोकांवर येतात आणि दोन्ही काठ जुळतात. ३६ धरून आखलीत तर उजवं शिखर एक भोक अलीकडेच कापलं जातं. बार्जेलो हे नाव फ्लॉरेन्समधल्या बार्जेलो राजवाड्यातल्या खुर्च्यांवरून पडलं. खुर्चीच्या पाठीवर लाटेला मोकळं अंगण मिळतं. दोन इंचात मिळतात तीन लाटा, त्यामुळे शेवटच्या टोकाचा हिशेब चुकवून चालत नाही.

आता भेंडीबद्दल. कोल्हापुरात राहून साजाची पानं पर्सवर काढाविशी वाटणारच. साजाला २१ पानं: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलाची, माणिक आणि पाचूची दोन, आणि एक डोरलं, असा हिशेब सांगतात. त्यातले मासा, कासव, शंख, बेलपान सोन्यात सुंदर दिसतात, कारण सोनाराच्या हातात गोलाई असते. आपल्या हातात पायऱ्या असतात. एक इंचाचा मासा १० घरांच्या कॅनव्हासवर दहा पायऱ्यांत बसवायचा, त्यात डोळा, कल्ला, शेपूट. होणार भेंडीच. तोच १८ घरांवर घेतला तरी ओढाताण होते. ज्या आकृतीला डोळा लागतो तिला वीसेक घरं तरी द्यावीत असं मी धरते. तेवढी नसतील तर बेलपान घ्या, तीन पाकळ्या आणि देठ, चौदा घरांतही ओळखू येतं. किंवा चंद्रकोर.

तिरप्या टाक्याची एक खोड मासा किंवा गोपुर काढताना हमखास नडते. टाका ज्या बाजूला झुकलेला असतो त्या बाजूची तिरकी रेघ अखंड, दोरीसारखी येते. उलट बाजूची तिरकी रेघ सुटे ठिपके होऊन येते. म्हणून माशाचा एक काठ गुळगुळीत आणि दुसरा करवतीसारखा दिसतो, आणि भरणारी बिचारी आपलंच मोजणं चुकलं म्हणून तीनदा उसवते. मोजणं चुकलेलं नसतं. दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात तर आकृती क्रॉस टाक्याने भरा आणि बाकीची जमीन बास्केटवीव्हने.

धारवाडी कशिद्याचे नमुने उतरवून घेणाऱ्यांनाही हेच सांगते. आमच्याकडे सीमेपलीकडून आलेल्या सुनांच्या पेटीत इरकली साडी आणि तिच्यावरचा कशिदा असतोच. त्यात गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी असे चार टाके, सगळे धागे मोजून. पण त्यातल्या गवंती-मुरगीची गंमत मोकळ्या जमिनीवरच्या बारीक रेघेत आहे. निडलपॉइंटमध्ये जमीन भरली की रेघ बुडून जाते. मेंथी, म्हणजे क्रॉससारखा टाका असलेले भरीव नमुने मात्र जसेच्या तसे उतरतात. पालखी, दीपमाळ यातलं भरीव असेल तेवढंच घ्या.

बास्केटवीव्ह घालूनही मध्ये रेघ दिसते

हे हात बसलेल्यांचं दुखणं. भरलेल्या रंगात, तिरक्या उजेडात, कर्णाच्या दिशेने एक वळ दिसतो. कारण दोनच: लागोपाठ दोन ओळी एकाच दिशेने घातल्या गेल्या, किंवा काम मध्ये थांबवून परत घेताना दिशा चुकली. कॅनव्हास डोळ्याजवळ धरा. प्रत्येक चौकात कुठे उभा धागा वर असतो, कुठे आडवा. उभा धागा वर असलेल्या चौकांची ओळ वरून खाली उतरायची, आडवा वर असलेल्यांची खालून वर चढायची. खांबावरून खाली, पायरीने वर, एवढं लक्षात ठेवा. इचलकरंजीला मागावर काम केलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, ताणा-बाणा त्याच्या बोटात असतो. आणि दिवसाचं काम ओळीच्या मधोमध थांबवा, टोकाला थांबवू नका. दुसऱ्या दिवशी सुई कुठे चालली होती ते कळतं.

ओलं करून ताणणं

कर्णांचा फरक थोडा असेल तर उसवण्याआधी हे. कॅनव्हासला खळ असते. ओली झाली की सैल पडते, वाळताना आपण देऊ त्या आकारात घट्ट होते.

आधी रंग तपासा. पांढरा कापूस ओला करून उलट्या बाजूला प्रत्येक रंगावर दाबून धरा, लाल आणि गडद निळ्यावर जास्त वेळ. कापसाला रंग लागला तर इथेच थांबा. जरीचा किंवा रेशमाचा दोरा असेल तरी पाणी नको.

रंग पक्का असेल तर फळीवर प्लास्टिक घाला, त्यावर पांढरं सुती कापड. तुकडा पालथा ठेवून पाण्याचा फवारा मारा, भिजवून चिंब नको. गुण्यात, म्हणजे काटकोनात, ओढून गंज न धरणाऱ्या पिना अर्ध्या इंचावर टोचत जा, आधी चारही बाजूंच्या मध्यावर, मग कोपरे. सेटस्क्वेअरने कोपरे तपासा, कर्ण पुन्हा मोजा. सावलीत पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका. मार्च-एप्रिलमध्ये दीड दिवसात वाळतो, पावसाळ्यात चार दिवसही घेतो. अर्धवट ओला काढलात तर सगळं फुकट. इस्त्री वरून फिरवू नका, टाके चपटे होतात आणि परत उठत नाहीत.

त्या मुलीचा कोस्टर मी दोनदा ताणला. फरक सव्वा सेंटिमीटरवरून अर्ध्यावर आला आणि तिथेच अडला.

उसवणं

मग उसवला. आकृती ठेवली, फक्त जमीन काढली. उसवताना सुलट्या बाजूने टाका सुईने उचलून बारीक कात्रीने कापायचा, टोकाचा चिमटा घेऊन मागून ओढायचा. कात्रीची बोथट बाजू कॅनव्हासकडे. जुना दोरा परत वापरू नका, तो पिंजलेला असतो. एका बैठकीत तळहाताएवढंच उसवा. ट्यूबच्या उजेडात गुलाबी दोरा आणि कॅनव्हासचा धागा एकसारखे दिसायला लागतात आणि तिथेच कात्री चुकते. ती दुसऱ्या दिवशी येऊन बसली, पहिल्या तीन ओळी बास्केटवीव्ह माझ्यासमोर घातल्या. "जमतंय की! मी जातो आता, उरलेलं घरी करतो," म्हणून गेली. आठ दिवसांनी कर्ण सारखे आले.

कॅनव्हासचा एखादा धागा कापला गेलाच तर घाबरू नका. त्याच मोजणीच्या कॅनव्हासचा छोटा तुकडा खालून लावा, भोकाला भोक जुळवा आणि दोन्हींतून टाके घाला. दिसत नाही.

इथे थांबा आणि जाणत्याकडे जा

तीनपेक्षा जास्त धागे तुटले असतील तर ठिगळ लावत बसू नका, कॅनव्हास नवा घ्या. छोट्या कामात तेच स्वस्त पडतं.

रंग सुटत असेल, किंवा तुकडा आजीच्या हातचा, पिवळा पडलेला, कसर लागलेला असेल तर पाणी, साबण, व्हिनेगर, काही म्हणजे काही लावू नका. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे जुन्या वस्तूंवर काम करणारी शिकलेली माणसं आहेत. विचारून तर बघा. तोवर धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात, घडी न घालता, गुंडाळून ठेवा.

चामड्याच्या पर्सला किंवा पट्ट्याला तुकडा जोडायचा असेल तर घरच्या मशीनवर प्रयत्न करू नका, सुई मोडते आणि चामड्याला पडलेलं भोक कायमचं. आमच्या कोल्हापूरच्या चप्पल लाइनीत हाताने चामडं शिवणारे कारागीर आहेत. त्यांना तुकडा आधी दाखवा आणि शिवणीसाठी किती काठ सोडायचा ते विचारून मगच कॅनव्हास कापा.

आणि फ्रेम. भावाच्या लग्नात रुखवताला मी 'सुस्वागतम'ची पट्टी भरली होती, सगळी कॉन्टिनेंटल, तेव्हा काही ठाऊक नव्हतं. फ्रेमवाल्याने ती ओढून सरळ केली आणि पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवली. लग्नात सगळ्यांनी वाखाणली. पुढच्या पावसाळ्यात काचेच्या आत फुगे आले, डिंकाचे पिवळे डाग वर आले, आणि ती पुठ्ठ्यापासून सोडवायची तर टाकेच निघून येत होते. तशीच माळ्यावर पडून आहे. चिकटवलेला तुकडा घरी सोडवायच्या फंदात पडू नका. नवा तुकडा फ्रेमला देताना आधी घरी ताणून सरळ करून न्या आणि काउंटरवरच सांगा: डिंक नको, दुतर्फी टेप नको. कॅनव्हासचा काठ पुठ्ठ्याच्या मागे वळवून जाड दोऱ्याने आडवा-उभा ओवून ताणा, आणि काच टाक्यांना टेकणार नाही एवढी पट्टी मध्ये घाला. जो "एवढं कशाला" म्हणेल त्याच्याकडे तुकडा ठेवू नका.